२६९ चौरस फुटांतील पंगत

दारात आलेल्या माणसाला उपाशी परत पाठविण्याची रीत आपल्याकडे नाही. तरीही गेल्या काही वर्षांत एक वाक्य आमच्या कानावर वारंवार येते : "बोलावण्याची फार इच्छा आहे हो, पण घर लहान पडते." भोकरसारख्या तालुक्याच्या गावी हे वाक्य शिक्षक बोलतात, कारकून बोलतात, खोली करून राहणारे विद्यार्थी बोलतात आणि नव्या घरकुलात राहावयास गेलेली कुटुंबेही बोलतात. मग नामकरण असो, मुलाला नोकरी लागल्याचा आनंद असो, त्याचे जेवण एक तर मंगल कार्यालयात होते, नाही तर होतच नाही. कार्यालयात झाले की कर्ज होते आणि झालेच नाही की माणसे दुरावतात. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. आपल्याच लहान घरात, आपल्याच ऐपतीत, वीस माणसांना नीट जेवू घालणे हा तो मार्ग. ते कसे करावे, याविषयी अनुभवातून व वाचनातून जे आमच्या हाती आले, ते समाजबांधवांसमोर व विशेषतः विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

घर किती लहान?

रमाई आवास योजनेतील घरकुलाचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर धरलेले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतही ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटरच आहे. म्हणून लहान घर म्हणताना आम्ही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवतो.

आता असे पाहा. जपानमध्ये चहापानाची एक जुनी परंपरा आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने ती साधेपणाकडे नेली. त्याच्या नावाशी जोडलेली एक खोली फक्त दोन चटयांची आहे. जपानी चटई साधारण सहा फूट लांब व तीन फूट रुंद असते, म्हणजे ती सारी खोली ३६ चौरस फुटांच्या आसपास. अशा खोलीचे दारही इतके ठेंगणे की आत जाणाऱ्याला वाकावे लागे आणि सरदाराला तलवार बाहेर ठेवावी लागे. मोठमोठे लोक त्या खोलीत बसण्यात मान समजत. जागेच्या मापावर पाहुणचार ठरत नाही, हे सांगण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

आणि आपल्याला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळ क्रमांक १ मध्ये, ५० व ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत राहिले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटावयास त्याच चाळीत आले होते. राजाला ज्या घरात येण्यास कमीपणा वाटला नाही, तशाच घरात शेजाऱ्याला बोलावण्यास आपण का लाजावे?

पंगतीचा हिशोब

मांडी घालून बसलेल्या माणसाला दोन फूट रुंदी लागते. पाठीमागची भिंत ते ताटाची पुढची कड असे अंतर साडेतीन फूट धरावे. समजा आपली बैठकीची खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद आहे. दोन लांब भिंतींशी समोरासमोर दोन ओळी बसविल्या तर एका ओळीत सहा माणसे बसतात. दारासाठी एक जागा सोडली तर पाच. दोन्ही ओळींनी मिळून सात फूट रुंदी व्यापली, म्हणजे वाढणाऱ्याला मधे तीन फुटांची वाट राहिली. याचा अर्थ दहा माणसांची पंगत सहज बसते आणि दोन पंगतींत वीस जण जेवतात. त्याहून अधिक माणसे कोंबू नयेत. वाढणाऱ्याचा पाय ताटाला लागला की जेवणाची सगळी शोभा गेली.

खोलीतील खाट आदल्या दिवशीच बाहेर काढावी. चपलांची जागा ठरवून द्यावी, नाही तर दार अडते. पहिली पंगत जेवत असताना दुसऱ्या पंगतीच्या मंडळींनी कोठे बसावे, याचा विचार बहुतेक घरांत होत नाही आणि मग दहा माणसे दारात घुटमळत जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत राहतात. त्यांच्यासाठी ओट्यावर किंवा शेजाऱ्याच्या अंगणात सतरंजी टाकावी, पाणी ठेवावे व घरातील एका माणसाने त्यांच्याशी बोलत बसावे.

आपल्याकडील बहुतेक कार्यक्रम एप्रिल-मे महिन्यांत येतात. त्या दिवसांत पत्र्याच्या घरात दुपारी वीस माणसे बसविणे म्हणजे त्यांना शिक्षा करणे होय. उन्हाळ्यात जेवण दिवस मावळल्यावर ठेवावे. गच्ची असेल तर गच्चीवर, नसेल तर अंगणात. मात्र भन्तेजींना भोजनदान द्यावयाचे असेल तर ते सकाळीच, मध्यान्हापूर्वी झाले पाहिजे. विनयाच्या नियमानुसार भिक्खू मध्यान्हानंतर भोजन करीत नाहीत. हे ठाऊक नसल्याने काही घरी भन्तेजींना रात्रीच्या जेवणाचे निमंत्रण जाते आणि दोन्हीकडे संकोच होतो.

आवतण

आमच्या घरी प्रथम असे जेवण झाले तेव्हा आम्ही सोळा माणसांचा स्वयंपाक केला होता. जेवावयास सत्तावीस माणसे आली. चूक येणाऱ्यांची नव्हती, आमचीच होती. आवतण देताना आम्ही सगळ्या घरांत "घरून सर्वांनी या" असे म्हणून आलो होतो. आपल्या भागात याला चूलबंद आवतण म्हणतात. ते दिल्यावर त्या घरी चूल पेटत नाही आणि सगळे घर जेवावयास येते. त्या रात्री भात संपला, शेजारच्या दोन घरांतून भाकरी आणाव्या लागल्या आणि घरच्या मंडळींनी चिवडा खाऊन झोप घेतली.

तेव्हापासून आम्ही आवतण मोजून देतो. "तुम्ही दोघे व आजी, तिघांनी या, पहिली पंगत साडेसातला" असे स्पष्ट सांगतो. यात उद्धटपणा काही नाही. किती जणांना बोलावले आहे व केव्हा यावे, हे ठाऊक असले की येणाऱ्यालाही बरे वाटते. एका वेळी गावजेवण घालण्यापेक्षा वर्षातून तीन वेळा वीस-वीस माणसे बोलवावीत. खर्च विभागला जातो आणि प्रत्येकाशी चार शब्द बोलणेही होते.

काय करावे, किती करावे

लहान घरात पदार्थांची संख्या वाढविली की सगळे बिघडते. एक गोड, एक भाजी, वरण किंवा आमटी, भाकरी, भात आणि तोंडी लावणे एवढे पुरे. आपल्या भागात येसराची आमटी, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, भात आणि गव्हाची खीर हे जेवण कोणीही आवडीने जेवतो. गावाच्या नावाशी जुळणारे भोकराचे लोणचे पानात असले तर बाहेरगावच्या पाहुण्यांना तेवढाच बोलावयास विषय होतो.

वीस माणसांसाठी आम्ही पुढील माप धरतो : तांदूळ दीड ते पावणेदोन किलो, तुरीची डाळ पाऊण किलो, वांगी तीन किलो, ज्वारीचे पीठ तीन किलो, खिरीसाठी गव्हाचा भरडा पाऊण किलो व तेवढाच गूळ. एका भाकरीला साधारण शंभर ग्रॅम पीठ लागते, म्हणजे तीन किलोत तीस भाकरी होतात. हे माप म्हाताऱ्या, तरुण व लहान अशा मिसळीच्या पंगतीचे आहे. सगळेच तरुण असतील तर भाकरी दीडपट कराव्यात. याशिवाय दोन माणसांचे अन्न नेहमी अधिक असावे. खिरीत गूळ उकळत असताना दूध घातले तर ते फाटते. म्हणून भांडे खाली उतरवून, खीर जरा निवल्यावर दूध घालावे.

तीस भाकरी एका बाईने एका तव्यावर करावयाच्या म्हटल्या तर दीड तास चुलीपुढे जातो. त्यापेक्षा पाच घरांत पीठ वाटून द्यावे आणि प्रत्येक घरातून सहा भाकरी याव्यात. यात कमीपणा नाही. आज त्यांनी आपल्याला दिल्या, उद्या आपण त्यांना देऊ.

ताटे प्रत्येकाकडे वीस नसतात. आमची सूचना अशी आहे की प्रत्येक वस्तीतील मंडळाने चाळीस ताटे, चाळीस पेले, चार मोठी पातेली व दोन सतरंज्या सामाईक ठेवाव्यात आणि त्यांची नोंदवही एका घरी असावी. थर्माकोल व प्लॅस्टिकची ताटे महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत. तशी ती नाल्यातच जाऊन साचतात. त्यापेक्षा पळसाची पत्रावळ व द्रोण वापरावेत; जेवण झाल्यावर ते खड्ड्यात घातले की खत होते.

पाणी, आग आणि शिळे अन्न

पाण्याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. पिण्यासाठी व हात धुण्यासाठी माणशी दोन ते अडीच लिटर आणि स्वयंपाक व भांड्यांसाठी आणखी चार लिटर धरले तर वीस माणसांना सुमारे १३० लिटर पाणी लागते. पंधरा लिटरची घागर धरली तर नऊ घागरी. ज्या गल्लीत नळ दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येतो, तेथे नळ येण्याच्या दिवशीच जेवण ठेवणे शहाणपणाचे. पत्रावळी वापरल्या तर भांड्यांचे पाणी पुष्कळ वाचते.

लहान स्वयंपाकघरात आगीचा धोका मोठा असतो. गॅसची टाकी उभी असावी आणि शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर असावी. स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी ठेवावी. मोठे पातेले लहान शेगडीवर ठेवले की ते डगमगते. त्यापेक्षा दोन मध्यम पातेल्यांत स्वयंपाक करावा. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

तिसरी गोष्ट अन्न नासण्याची. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, एका धार्मिक कार्यक्रमातील भगर-आमटी खाऊन सुमारे दोन हजार लोक आजारी पडले. एवढ्या मोठ्या जेवणातच असे होते असे नाही, वीस माणसांच्या जेवणातही होऊ शकते. शिजलेले अन्न कोमट अवस्थेत राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून अन्न एक तर वाफाळते गरम असावे, नाही तर थंड जागी असावे. साधारण हवेत दोन तास व कडक उन्हाळ्यात एक तास, याहून अधिक वेळ ते तसेच ठेवू नये. भाताविषयी विशेष जपावे. तांदळातील काही जंतूंची बीजे उकळण्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास तसाच राहिला तर ते विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. म्हणून सकाळी भात शिजवून रात्री वाढू नये. दोन पंगती असतील तर भातही दोनदा लावावा. पितळी पातेल्याची कल्हई उडालेली असेल तर त्यात चिंचेची आमटी, कढी किंवा ताक ठेवू नये. आंबटामुळे तांबे अन्नात उतरते व उलट्या होतात.

इतके करूनही कोणाला जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे आणि दवाखान्यात न्यावे. लाज वाटून लपवू नये.

शेवटी कोण जेवते?

आतापर्यंत सांगितले ते सोपे होते. आता थोडे कडू बोलतो. आपल्या घरांत समतेची भाषणे पुष्कळ होतात. पण घरी वीस माणसे जेवून गेली की एकविसावे पान कोणाचे असते, हे स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. पहाटेपासून राबणारी बाई रात्री दहा वाजता पातेल्याच्या तळाचे खरवडून खात असते आणि पुढे भांड्यांचा ढीग तिची वाट पाहत असतो. पाहुणे बाहेर तिच्या हाताची स्तुती करीत असतात. त्यातला एकही शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

आमच्या घरीही अनेक वर्षे हेच चालले होते. एकदा थोरल्या मुलीने विचारले, "आईला आवतण कोणी दिले?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही एक नियम केला. पहिल्या पंगतीत म्हातारी माणसे, मुले व स्वयंपाक करणाऱ्या बाया बसतात, पुरुष वाढतात. दुसऱ्या पंगतीत पुरुष बसतात. भांडी मुलगे घासतात. प्रथम काही मंडळी हसली. वाढताना आमटी सांडली, खिरीची वाटी एका आजींच्या लुगड्यावर उलटली. पण तीन-चार वेळा झाल्यावर सगळे अंगवळणी पडले. विद्यार्थिमित्रांना आमचे सांगणे आहे की वाढणे ही शिकण्याची विद्या आहे; ती वसतिगृहातच शिकून घ्यावी.

कोणाला बोलवावे?

पंगत ही आपल्या देशात साधी गोष्ट कधीच नव्हती. कोणी कोणाच्या शेजारी बसावे, कोणाच्या हातचे खावे, यावरच माणसाची जागा ठरविली जात होती. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घराजवळचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर मंडपात जेवत असलेल्या लोकांवर हल्ला झाला आणि त्यांचे अन्न मातीत मिसळण्यात आले. अन्न मातीत मिसळणाऱ्यांनाही पंगतीचा अर्थ चांगला ठाऊक होता. दुसरीकडे आपल्याच नांदेडला, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये, कोणीही जावे आणि कोणाच्याही शेजारी बसून जेवावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात स्पष्टच बजावले आहे की केवळ सहभोजनाने जात मरत नाही. ते आम्हाला पूर्ण मान्य आहे. एक दिवस व्यासपीठासमोर एकत्र जेवून, छायाचित्र काढून, आपापल्या गल्लीत परतणे म्हणजे समता नव्हे. परंतु घरी बोलावणे ही थोडी निराळी गोष्ट आहे. तेथे व्यासपीठ नसते. पाहुणा आपली चूल पाहतो, आपल्या मुलांशी बोलतो, आणि पुढे त्याच्याही घरी आपल्याला बोलवावे लागेल, हे त्याला कळते.

आमच्यासोबत काम करणारे एक गृहस्थ होते. कार्यालयात आमच्या शेजारी बसून डबा खात. घरी मात्र आम्ही दोन वर्षांत चार वेळा बोलावले आणि चारही वेळा त्यांना उपवास निघाला. पाचव्यांदा आम्ही बोलावले नाही. त्यांच्या घरी आजारपण आले तेव्हा आमच्या घरून चार दिवस डबा गेला. पाचव्या दिवशी डबा परत आला. त्यात त्यांच्या आईने केलेले चार शेंगदाण्याचे लाडू होते, कारण दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये असे त्या माउलीला वाटले. पुढच्या महिन्यात ते आमच्या घरी पंगतीला बसले. जात संपली असे आम्ही म्हणत नाही. त्यानंतर त्यांना उपवास निघाला नाही, एवढेच सांगतो.

म्हणून आमची विनंती आहे की वीस माणसांची यादी करताना त्यातील पाच तरी आपल्या नात्यातली व वस्तीतली नसावीत. शेजारच्या तांड्यावरचा मित्र असावा, तेलुगू बोलणारे दुकानदार असावेत, मुलाचे शिक्षक असावेत. आणि गावात एकटा राहून शिकणारा एक विद्यार्थी असावाच असावा.

पाहुण्याचे कर्तव्य

शेवटी दोन शब्द जेवावयास जाणाऱ्यांसाठी. वेळेवर जावे. जेवढ्यांना बोलावले तेवढ्यांनीच जावे. पानात टाकू नये. १९७२ च्या दुष्काळात मिलोची लाल भाकरी व सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांच्यासमोर ताटात अन्न टाकणे शोभत नाही. घर किती लहान आहे, हे बोलून दाखवू नये.

तथागतांचे अखेरचे भोजन चुंद नावाच्या एका लोहाराच्या घरी झाले. त्या भोजनानंतर तथागतांना वेदना सुरू झाल्या. तशा अवस्थेतही त्यांनी आनंदाला सांगितले की चुंदाच्या मनाला टोचणी लागता कामा नये, त्याचे ते दान मोठ्या पुण्याचे आहे असे त्याला कळवावे. पाहुण्याने यजमानाच्या मनाला किती जपावे, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. भात जरा कच्चा राहिला, आमटी तिखट झाली, बसावयास जागा कमी पडली, तर हे आठवावे.

घर लहान असणे हा कोणाचा दोष नाही. येत्या वर्षात आपल्या समाजातील प्रत्येक घराने निदान एकदा तरी खाट बाहेर काढून, भिंतीशी सतरंजी अंथरून, दहा-दहांच्या दोन पंगती बसवाव्यात. आवतण मोजून द्यावे आणि ज्या बाईने स्वयंपाक केला, तिला पहिल्या पंगतीत बसवावे, एवढीच आमची नम्र सूचना आहे.